मापाची जागा

जळगावातील एका जुन्या पेढीवर, गादीच्या उजव्या अंगाला, सुट्या कागदांवर वजन म्हणून एक दगड ठेवलेला असे. रंगाने फिकट केशरी, अंगावर पाकळ्यांसारखे स्फटिक. शेठजींच्या वडिलांना तो विहीर खोदताना सापडला होता. पेढीवर येणारे-जाणारे तो उचलून पाहत आणि परत ठेवत. त्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते आणि कोणी विचारलेही नव्हते.

त्या दिवाळीत घरात एक विषय घोळत होता. नातीचे रसायनशास्त्राचे शिक्षण पूर्ण झाले होते. तिला बंगळुरूस जाऊन प्रकाशामुळे घडणाऱ्या रासायनिक क्रियांवर संशोधन करावयाचे होते. त्याच सुमारास एका चांगल्या घरातून तिच्यासाठी विचारणाही आली होती. शेवटचा शब्द शेठजींचा होता. त्यांनी तिला सायंकाळी पेढीवर बोलावले आणि सरळ विचारले, "बेटा, पाच वर्षे तू तिथे नेमके काय करणार?"

तिने तो दगड उचलून त्यांच्यापुढे ठेवला. "दादाजी, हा स्टिल्बाइट. झिओलाइट जातीचा दगड."

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. थिजताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या क्षारयुक्त पाण्याने त्या पोकळ्यांत हे स्फटिक घडवले. जळगाव, नाशिक, पुणे या भागांतील खाणींतून निघणारे असे नमुने आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. 1756 साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने अशाच एका खनिजाला आच दिली, तेव्हा ते फसफसले आणि त्यातून वाफ निघाली. त्याने ग्रीक भाषेतील 'उकळणे' आणि 'दगड' या शब्दांवरून झिओलाइट हे नाव दिले. या दगडांच्या आत अतिसूक्ष्म दालने आणि बोळ असतात. त्यांतील पाणी निघून गेले तरी अनेक झिओलाइटांतील ही घरे जशीच्या तशी उभी राहतात.

"म्हणजे चाळणीच की," शेठजी म्हणाले. त्यांचा सारा जन्म डाळीच्या व्यापारात गेला होता.

नात हसली. कारखान्यांत झिओलाइटला रेणूंची चाळणी असेच म्हणतात. परंतु चाळणीत दाणा जसा पडतो तसाच राहतो. येथे मात्र आत शिरलेल्या रेणूचे पुढे काय व्हावे, हेही त्या जागेवरच ठरते.

प्रकाश रेणूला बळ देतो, दिशा मात्र क्वचितच देतो. डायबेन्झिल कीटोन या पदार्थाचे उदाहरण तिने घेतले. त्याची दोन टोके किंचित वेगळी केली, तर एकाला 'अ' आणि दुसऱ्याला 'ब' म्हणता येते. प्रकाश पडताच मधला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो आणि अ, ब सुटे होतात. मोकळ्या द्रावणात ते जत्रेतल्या माणसांसारखे पांगतात आणि जो भेटेल त्याच्याशी जुळतात. मग अ-अ, अ-ब आणि ब-ब या जोड्या 1 : 2 : 1 या प्रमाणात मिळतात. हवी असते अ-ब ही जोडी. ती अर्धीच हाती येते, उरलेला अर्धा माल चुरीत जातो.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात निकोलस टुरो यांनी हीच क्रिया साबणाच्या पाण्यातील सूक्ष्म गोळ्यांमध्ये घडवली. दोघांना दूर जाण्यास वाव नसल्याने अ-बचे प्रमाण वाढले. पुढे झिओलाइटांतही अशा क्रियांचा अभ्यास झाला. त्यात एक नाव व्ही. राममूर्ती यांचे. ते आधी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते, नंतर अमेरिकेत गेले. त्यांनी वापरलेल्या वाय जातीच्या झिओलाइटमधील दालन सुमारे 1.3 नॅनोमीटर रुंद असते आणि त्याचे दार सुमारे 0.74 नॅनोमीटरचे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. फिनाइल ॲसिटेटच्या रेणूचा एक तुकडा प्रकाशाने सुटतो आणि त्याच रेणूच्या कड्यावर दुसरीकडे जाऊन बसतो. द्रावणात तो शेजारच्या जागीही बसतो आणि समोरच्या जागीही. ऐसपैस दालनात तो मुख्यतः शेजारी बसतो. अरुंद, लांबट बोळात समोर. प्रकाश तोच, रेणूही तोच. बदलते ते घर.

शेठजींनी दगड हातात फिरवला. "मग जागा जितकी तंग, तितका माल चोख?"

"नाही दादाजी." ती क्षणभर थांबली. "फार तंग बोळात स्टिलबीनसारख्या रेणूला वळताच येत नाही. तो प्रकाश घेतो, पण त्याचे रूप बदलत नाही. शिवाय तयार झालेला माल दारातून बाहेर निघाला नाही, तर तो आतच अडकतो आणि वाट बुजते. जागा मापाची लागते. ते माप कसे काढायचे, हेच मला शिकायचे आहे."

मग तिने डोळ्याविषयी सांगितले. डोळ्यात रेटिनल नावाचा रेणू ऑप्सिन या प्रथिनाच्या पोकळीत बसलेला असतो. जॉर्ज वॉल्ड यांना दृष्टीच्या रसायनशास्त्रासाठी 1967 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्यांच्या कामाचा गाभा हाच रेणू होता. द्रावणात रेटिनल अनेक ठिकाणी वळू शकते. ऑप्सिनमध्ये ते एका ठरावीक बंधापाशीच वळते, आणि तेही सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या सुमारे पाचव्या हिश्शात. त्या एका वळणापासून आपले पाहणे सुरू होते. ते घर त्याला कोंडत नाही. त्याचे वळण नेमके करते.

शेठजी बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर शटर ओढण्याचे आवाज सुरू झाले होते. शेवटी त्यांनी मुलाला हाक मारली. "पाहुण्यांना उद्या फोन कर. म्हणावे, मुलगी आधी बंगळुरूला जाणार आहे. थांबणे जमत असेल तर आनंद आहे. जमत नसेल, तरी आपला राग नाही."

दगड त्यांनी परत कागदांवर ठेवला नाही. नातीच्या हाती दिला. "हा घेऊन जा," ते म्हणाले. "इथे नुसता वजनालाच होता."