लक्षण आणि दोष

काव्यशास्त्र शिकवताना दोषप्रकरण बहुधा शेवटच्या तासांवर ढकलले जाते. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'चा सातवा उल्लास दोषविवेचनाला दिला आहे. आपण मात्र दोषांची नावे सांगतो, प्रत्येकाला एक उदाहरण देतो आणि पुढे जातो. विद्यार्थी नावे पाठ करतात. पण पूर्वी न वाचलेली कविता समोर ठेवून 'हिच्यात खटकते काय?' असे विचारले, की बहुतेकांचा हात आधी नावाकडे जातो, ओळीकडे नंतर. या सवयीवर आम्हांला जो उतारा सापडला, तो एका जुन्या मोटारीने दिला. विषय परका वाटेल. वाचकांनी थोडा धीर धरावा.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाचे काका १९६७ साली इंग्लंडला गेले आणि बर्मिंगहॅमला स्थायिक झाले. त्याआधी त्यांनी एसटीच्या दापोडी येथील कार्यशाळेत उमेदवारी केली होती. त्यांच्याकडे १९७२ची एमजीबी आहे : दोन आसनांची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात हे मॉडेल तयार होत असे, आणि अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. तिचे १७९८ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतले. याच मालिकेतले १४८९ सीसीचे इंजिन आपल्या अम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षे होते. म्हणून काका गमतीने म्हणतात, "ही अम्बॅसडरची विलायतेत वाढलेली बहीण."

काका आता ८२ वर्षांचे आहेत आणि त्यांना ऐकू कमी येऊ लागले आहे. जुन्या गाडीच्या बाबतीत ही साधी अडचण नव्हे. तिचे निम्मे निदान कानाने होते. गाडी त्यांच्या नातीला हवी आहे. ती तिकडेच जन्मली. मराठी बोलते, पण वाचत नाही. २०२४च्या उन्हाळी सुटीत आम्ही गेलो, तेव्हा काकांनी आमच्यापुढे एक कोरी वही ठेवली. "मी सांगतो, तुम्ही उतरवून घ्या. मग तिच्यासाठी इंग्रजीत करा. तुम्ही भाषेची माणसं."

वहीत तीन रकाने त्यांनीच आखायला लावले : काय जाणवते, काय तपासायचे, काय निघाले. पहिल्या रकान्यात कारण लिहायचे नाही, हा त्यांचा नियम. 'कार्ब्युरेटर बिघडला' हे तेथे चालत नाही. तो निष्कर्ष झाला. 'चढावर कोणी मागे ओढल्यासारखे वाटते' हे चालते. दुसरा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर सुधारली कशाने हे कधीच कळत नाही.

काकांच्या बोलण्यात दोन शब्दप्रयोग वारंवार येत : 'गाडी उचल खात नाही' आणि 'गाडीला दम लागतो'. इंग्रजीत दोन्हींसाठी 'शक्ती कमी पडते' अशा अर्थाचा एकच प्रयोग सहज सुचतो. काकांच्या लेखी मात्र ही दोन वेगळी दुखणी आहेत. उचल न खाणे म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबताक्षणी इंजिन अडखळते आणि मग सावरते. या गाडीला दोन एसयू कार्ब्युरेटर असतात. प्रत्येकाच्या माथ्यावरच्या नळीत थोडे तेल असते. ते आतल्या पिस्टनला एकदम वर उसळू देत नाही. तेल आटले की पिस्टन झटकन उचलला जातो आणि त्या क्षणापुरती हवा जास्त व पेट्रोल कमी पडते. उपाय म्हणजे थोडे तेल घालणे. दम लागणे निराळे. गाडी वीस-पंचवीस मिनिटे उत्तम धावते, मग वेगात असताना हळूहळू अवसान गाळते आणि बंद पडते. जरा थांबले की पुन्हा सुरू होते. येथे एक तर पेट्रोल पोचत नाही, नाहीतर ठिणगी पडत नाही. यांतले नेमके काय, हे गाडी बंद पडली त्याच जागी, ती गार होण्यापूर्वी पाहावे लागते.

पेट्रोलचा विजेवरचा पंप मागच्या उजव्या चाकाजवळ असतो. किल्ली फिरवली की तो टकटक करतो आणि कार्ब्युरेटर भरले की थांबतो. टकटक थांबतच नसेल, तर पेट्रोल येत नाही किंवा कोठेतरी हवा ओढली जात आहे. मुळीच आवाज नसेल, तर पंपाचे पॉइंट जळाले असतील किंवा त्याला वीज मिळत नसेल. पान्याने हलकेच ठोकले की पंप पुष्कळदा चालू लागतो, आणि माणसे त्यालाच दुरुस्ती समजतात. काकांनी लिहवून घेतले : 'ठोकून चालला तर घरी पोचा. घरी पोचल्यावर पंप उघडा.' पंप ठीक असेल तर संशय डिस्ट्रिब्यूटरमधल्या कंडेन्सरवर. बोटाच्या पेराएवढा हा भाग गरम झाला की दगा देतो आणि गार झाला की निर्दोष दिसतो.

नात रात्री एकटी मोटरवेवर असेल, मागून ट्रक येत असतील, आणि आमच्या अनुवादात दोन दुखण्यांना एकच नाव असेल, तर तिने काय करावे? अनुवादात अर्थच्छटा हरवतात, असे आपण वर्गात किती सहज म्हणतो. येथे त्या छटेवर कोणाची तरी सुरक्षितता अवलंबून होती. शेवटी आम्ही प्रतिशब्दाचा नाद सोडला. केव्हा, किती वेळाने, कोणत्या वेगाला, इंजिन गार असताना की गरम, एवढेच लिहिले.

विजेच्या दोषांचेही असेच. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत बहुधा ल्युकस कंपनीची विद्युत सामग्री असे, आणि तिच्या संस्थापकाला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणण्याचा विनोद तिकडे जुना आहे. काकांना तो पटत नाही. वळण्याचा दिवा लावला की मागचा दिवाही त्याच तालात मिचकतो, तेव्हा दिवे बहुधा चांगलेच असतात. गंज अर्थिंगच्या सांध्यात असतो. दिवा चालू ठेवून, बॅटरीचे ऋण टोक आणि दिव्याचे धातूचे घर यांना मीटर लावायचा. आकडा शून्याच्या जवळ हवा. एक व्होल्ट दाखवला, तर तो व्होल्ट गंजाने खाल्ला. पन्नास वर्षे पावसात काढल्यावर सांधा गंजणारच, असे काका म्हणतात.

सर्वांत गंभीर दोष मात्र आवाज करत नाही. एमजीबीला वेगळी चासी नाही. गाडीचा भार दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या पेट्यांवर पेललेला असतो. त्या आतून कुजतात आणि वरचा रंग चकाकत राहतो. गाडी जॅकवर उचलली आणि दाराची फट बदलली, दार नीट लागेनासे झाले, तर रंगावर विश्वास ठेवायचा नाही. नव्या काळाने आणखी एक दुखणे आणले आहे. २०२१च्या सप्टेंबरपासून तिकडच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. त्या नळ्या बदलणे हे वहीतले पहिले काम ठरले.

दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात की नाही, हे पाहायला काका रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरत. आता ते नळी नातीच्या हाती देतात. "कुठला सुस्कारा मोठा?" ती म्हणते, "पुढचा, आजोबा." तिच्या शब्दावर विसंबून ते स्क्रू फिरवतात आणि पुन्हा विचारतात. ती दुपार आम्ही बाजूला उभे राहून पाहिली. आपल्याला न येणाऱ्या आवाजावर, दुसऱ्याच्या वर्णनाच्या आधाराने इतका भरवसा ठेवणे सोपे नसावे.

परतल्यावर आम्ही तेच तीन रकाने वर्गात फळ्यावर आखले आणि एक अपरिचित कविता दिली. पहिल्या रकान्यात सर्वाधिक वेळा आलेला शब्द होता 'दुर्बोध'. तो निष्कर्ष आहे, म्हणून पुसला. कोणत्या ओळीवर थांबलात, कोणत्या शब्दापाशी, पहिल्याच वाचनात की तिसऱ्या, एवढेच लिहा, असे सांगितले. तास त्यातच संपला. दुसऱ्या रकान्यापर्यंत थोडेच पोचले. पण जे पोचले त्यांच्यापैकी काहींच्या तिसऱ्या रकान्यात असे निघाले, की आपण अडलो ते एका जुन्या शब्दाचा अर्थ ठाऊक नसल्यामुळे. कवितेत दोष नव्हताच.