म्हाताऱ्या ताऱ्यांची सोसायटी

माणसाला कशाचेही प्रकार पाडल्याशिवाय करमत नाही. पाहुण्यांचे दोन: जेवून येणारे आणि जेवायला येणारे. मग आकाश तरी कसं सुटणार? १९२६ साली एडविन हबल या अमेरिकन शास्त्रज्ञानं दीर्घिकांचे, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या वसाहतींचे, आकारावरून प्रकार पाडले. लंबवर्तुळाकार, सर्पिल, आणि कुठंच न बसणाऱ्यांसाठी अनियमित. हा शेवटचा कप्पा प्रत्येक वर्गवारीत लागतोच. आमच्या घराण्यातल्या बहुतेकांची सोय तिथंच होते.

सर्पिल दीर्घिका म्हणजे भरलं घर. मधोमध जुन्या ताऱ्यांचा फुगवटा, भोवती गरगरणारे हात, त्यांत वायू नि धूळ, आणि त्यातून नव्या निळसर ताऱ्यांची बाळंतपणं चाललेली! सुमारे १ लाख प्रकाशवर्षं रुंदीची आपली आकाशगंगा याच जातीची. हे कळायला मात्र फार वेळ लागला, कारण आपण राहतो तिच्या आतच. घरात बसून घराचा आकार कळत नाही. तो शेजाऱ्यांना आधी कळतो. आणि आपली मोठी शेजारीण देवयानी दीर्घिका पडली २५ लाख प्रकाशवर्षं दूर.

लंबवर्तुळाकार मंडळींचं निराळंच. तिथले तारे बहुतेक वृद्ध, तांबूस. वायू संपत आलेला, नवा जन्म जवळजवळ नाहीच. हे वाचलं आणि मला आमची सोसायटी दिसली. २४ बिऱ्हाडं. मुलं टोरांटोला नाहीतर सिडनीला. संध्याकाळी बाकावर सात-आठ तांबूस तारे जमतात आणि गुडघ्यांविषयी बोलतात. फरक एवढाच, की वायूची टंचाई आमच्याकडे नाही.

पण शास्त्रज्ञ सांगतात, की अशा कित्येक मोठ्या दीर्घिका दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींत मिसळून झाल्या. म्हणजे या शांत म्हाताऱ्याही एके काळी गरगरत होत्याच की! आणि थोडा वायू शिल्लक असला, तर जवळून दुसरी दीर्घिका नुसती गेली तरी तो ढवळून निघतो आणि नव्या ताऱ्यांची झुंबड उडते.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गेल्या जुलैत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची नातवंडं आली. बाहेर पाऊस, म्हणून धिंगाणा जिन्यात. पंधरा दिवस गुडघ्यांचा विषय म्हणून निघाला नाही. मुलं गेली, जिन्याच्या भिंतीवर खडूच्या रेघोट्या तेवढ्या उरल्या, आकार अगदी अनियमित. पुढच्याच सभेत त्या पुसायच्या नाहीत असा ठराव झाला.

आमच्या सोसायटीच्या इतिहासात एकमतानं झालेला हा पहिलाच ठराव.