कटकट कुठून येते?

सायकलच्या आवाजाला एक वाईट खोड असते. तो जिथे ऐकू येतो, तिथे तो असेलच असं नाही.

पावसाळा संपल्यावर आमच्या माउंटन बाइकला असाच एक आवाज लागला. सपाटीवर ती गप्प. गोळेवाडीहून सिंहगडाचा घाट सुरू झाला, की दर पायडलला पायाखालून 'कट्, कट्'. कटकट सोसता येते. भीती वेगळीच होती. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला तडा गेला तरी ती अशीच कुरकुरते. आणि ही सायकल एका रविवारी मी नेतो, तर एका रविवारी मुलगी. घाट उतरताना तिच्या हाताखाली फ्रेम तुटली तर?

दुकानदाराने एक फेरी मारून निकाल दिला, "बॉटम ब्रॅकेट गेलंय, चाचा. बदलून टाका." म्हणजे दोन्ही पायडलांच्या मधला, बेअरिंगवर फिरणारा भाग. आवाज तिथूनच येतोय असं वाटत होतं खरं. पण क्रँक आडवा हलवून पाहिला तर तसूभर हलेना. चैन उतरवून फिरवला तर बिनआवाज फिरला. मग त्याला काढायचं कशासाठी?

मुलीने नियम घातला, "अब्बू, एका वेळी एकच गोष्ट करायची. मग तोच चढ चढायचा." दोन गोष्टी एकदम केल्या, तर आवाज थांबूनही चोर सापडत नाही. उभं राहून पायडल मारलं, आवाज तसाच, सीट सुटली. पायडलं काढून आटे पुसले, ग्रीस लावलं (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवावं लागतं), आवाज होताच. चेनरिंगचे बोल्ट आवळले; तरीही होताच. मग फ्रेम धुतली, टॉर्च तिरपा धरून वेल्डिंगचा एकेक जोड पाहिला. तडा कुठेच नव्हता. त्या रात्री झोप बरी लागली.

राहिलं मागचं चाक. क्विक रिलीज सोडलं, तर एक्सल फ्रेमच्या ज्या खाचांत बसतो तिथे घाटातली बारीक माती. पुसलं, ग्रीसचा पातळ हात दिला, लिव्हर घट्ट दाबला. पुढच्या रविवारी चढावर फक्त आमच्या धापा ऐकू आल्या.

कारण सोपं होतं. चढावर जोर लावला की चैन चाकाला पुढे ओढते. चाक खाचेत केसभर सरकतं, मातीने भरलेला कोरडा धातू धातूवर घासतो. तो आवाज फ्रेमच्या पोकळ नळ्यांतून प्रवास करत पायाखाली येतो.

आवाज जिथे ऐकू आला, तिथल्यालाच गुन्हेगार ठरवायची घाई आपल्याला फार, सायकलीपुरतीच नव्हे. तपासायला आम्हाला तीन रविवार लागले आणि ग्रीसची एक डबी. बदलायला सांगितलेलं बॉटम ब्रॅकेट अजून तेच आहे, आणि छान फिरतंय.