गल्लीतल्या घराविषयी

जळगाव

चि. बापू,

बिल्डरच्या पत्रकात 'विश्वेश्वरय्यांनी आखलेल्या गल्लीत' असं छापलं तर चालेल का, एवढंच विचारलंस. चालणार नाही! आणि धुळ्याचं आपलं घर जूनमध्ये पाडायचं ठरलंय, हे काकाला ताज्या कलमात कळवतोस? शाबास.

विश्वेश्वरय्या सरकारी नोकरीत आले 1884 साली. धुळ्याकडचं त्यांचं काम पाण्याचं, दातर्तीच्या सायफनचं. नवं धुळं त्याच्या कितीतरी आधीचं. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश कंपनीकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने ठाणं धुळ्याला आणलं. 1819 मध्ये गावात घरं 401, माणसं 2,509. वस्ती वाढावी म्हणून त्याने बांधायला जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, पक्क्या घरांसाठी वर उचलही दिली. आता ब्रिग्जचं नाव छापशील! अरे, साहेबाने जागा दिली. ओळ उभी केली ती सुतार-गवंड्यांनी. त्यांना कुठलं पत्रक?

मुळात आपलं ते एकट्याचं घर नव्हेच. तोंडाला अरुंद, आत खोल. ओटा, ओसरी, चौक, माजघर. दोन्ही अंगांच्या भिंती सामाईक. माजघरातली आपली सागवानी तुळई ज्या भिंतीत शिरते, त्याच भिंतीत पलीकडून शेजारच्या मावशींच्या तुळईचं टोक आहे. मधे हातभर माती. त्या भिंतीला आरपार देवळी होती, तिच्यातून विरजण जायचं-यायचं. तुझ्या वडिलांनी ती बुजवली, का ते तुला ठाऊक आहेच.

पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती पडायची ती गल्लीभर एकदमच. एखाद्याने आळस केला की पाणी शेजारच्या घरात उतरायचं, मग आपले नाना भांडायला धाब्याधाब्यावरूनच जायचे. रस्त्यावर उतरायची गरजच नाही! तू मात्र लिहितोस, 'आपल्यापुरतं पाडतोय.' इंजिनिअर झालास ना रे?

सही मी दिली, हिस्साही घेतला. अडवायचा हक्क मला नाही, कळतं मला. पण झोप लागत नाही. तुमचं ते यंत्र एका दिवसात घर मोकळं करील. उघडी पडलेली मातीची भिंत मृगाच्या पहिल्या सरीला किती तग धरेल? 1872 च्या पांझरेच्या पुरात धुळ्याच्या घरांची दैना झाली, ती नदीने केली. ही आपण करणार.

तेव्हा पाडकाम दिवाळीनंतर ठेव. तुळया हाताने काढायला लाव. त्याआधी मावशींच्या बाजूने टेकू देऊन घे, जुना गवंडी बोलावून. आणि त्या दिवसांत मावशी राहणार कुठे, हे त्यांना कुणी विचारलं का? फोनवर नको, तिथं तू हो-हो म्हणतोस. उलट टपाली लिहून कळव.

तुझा,
अण्णाकाका