एक दिवस दहीहंड्याला

तीर्थयात्रा आपण करतोच. या हिवाळ्यात एक दिवस मुलाबाळांना घेऊन दहीहंड्याला जाऊन या. अकोल्याहून अकोट रस्त्याने गांधीग्रामला पूर्णा ओलांडावी आणि पुढे चोहोट्टा बाजारावरून जावे. पिण्याचे गोडे पाणी आणि भाकरी-ठेचा सोबत असू द्या.

या खारपाण पट्ट्यात पूर्वी विहिरींचे खारे पाणी आटवून मीठ काढीत. इंग्रजांनी तो धंदा बंद पाडला. पुढे एप्रिल 1930 मध्ये वऱ्हाडच्या सत्याग्रहींनी इथेच मीठ तयार करून कायदा मोडला. समुद्र लांब, पण मीठ पायाखालीच होते! मुलांना हे तिथे उभे राहून सांगा. जुन्या विहिरींच्या काठावर मात्र त्यांना जाऊ देऊ नका.

आता आपल्या कामाचे. ज्या पाण्यातून मीठ निघाले, ते पिकाला कसे मानवेल? अशा पाण्यातल्या सोडियमने काळी माती चोपण होते, निचरा थांबतो. म्हणून कामाच्या दिवशीच निघा. बाटली विहिरीच्याच पाण्याने विसळून नमुना भरून घ्या आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात तपासायला द्या. अहवाल पाहूनच ओलीत करा.