जुन्या गाडीचा ब्रेक

जुन्या वस्तूंवर जीव जडलेल्या माणसाला एक खोड असते. वस्तूच्या गुणांइतकेच तो तिच्या दोषांवरही प्रेम करू लागतो. आजोबांनी घेतलेली १९४६ सालची अमेरिकन बनावटीची मालमोटार आम्ही पुन्हा रस्त्यावर आणावयास घेतली, तेव्हा हा रोग आम्हांसही जडला होता. रंग मूळचाच हवा, हौद्याच्या फळ्या तशाच हव्यात, असा आमचा हट्ट. मग ब्रेक तरी नवा कसा चालावा? मिस्त्रींनी दोनदा सुचवून पाहिले. आम्ही दोनदा हसून विषय टाळला.

तसा तो ब्रेक मोठा शहाणा. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरातील दट्ट्या तेलाला रेटतो, तेल नळ्यांतून चारी चाकांशी पोहोचते, आणि तेथील शू ड्रमला आतून घासून चाकास थोपवितात. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हे पास्कलने सांगितले. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली निघाला. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीने चारी चाकांस असे तेलाचे ब्रेक दिले. हेन्री फोर्ड मात्र सळ्या आणि तारांच्याच ब्रेकांना चिकटून राहिले, ते थेट १९३९ च्या गाड्या निघेपर्यंत! हट्टी माणसांत आमची संगत काही वाईट नव्हती.

परंतु आमच्या गाडीच्या शहाण्या ब्रेकात एक उणीव होती. चारी चाकांच्या तेलाचे घर एकच. एक नळी फुटली की चारी चाके एकदम निराधार.

सासवडहून पुण्याकडे येताना दिवे घाटात हे आम्हांस कळले. शेजारी आमची कन्या बसली होती. खाली मस्तानी तलाव दिसू लागला, आम्ही पेडल दाबले, आणि ते कशालाही न अडता फळीला टेकले. पुन्हा दाबले, तेच. क्लच दोनदा दाबून कसाबसा खालचा गिअर घातला, हातब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगास घासत नेली, तेव्हा ती थांबली. "बाबा, इथे का थांबलो?" कन्येने विचारले. "तलाव पाहावयास," आम्ही उत्तरलो.

पुढच्या चाकाची रबरी नळी फुटली होती. मूळची म्हणून आम्हीच ती जपून ठेवली होती!

मिस्त्रींनी आम्हांस एका शब्दानेही टोचले नाही. सगळ्या नळ्या बदलल्या आणि दुहेरी मास्टर सिलिंडर बसविला. त्यात एकामागे एक दोन दट्टे असतात. पुढच्या चाकांचे तेल निराळे, मागच्यांचे निराळे. एक बाजू गळाली तरी दुसरी गाडी थोपविते. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींस अशी सोय कायद्यानेच सक्तीची झाली. मात्र सिलिंडराच्या पोकळीचा व्यास जुन्याशी जुळवावा लागतो. तो मोठा घेतला तर पायाला जोर अधिक लागतो. लहान घेतला तर पेडल खोल जाते. हे सारे पायाखालच्या फळीच्या खाली दडलेले. वरून पाहणारास गाडी तशीच आजोबांची.

शेवटी नळ्यांतील हवा काढावयाची होती. या कामास दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने चाकाशी निपल उघडून बुडबुडे जाऊ द्यावेत, आणि ते पुन्हा आवळल्यावरच पहिल्याने पाय उचलावा. कन्या वर बसली, आम्ही गाडीखाली शिरलो. "दाब." "धर." "सोड." चौथ्या चाकाशी पेडल दगडासारखे घट्ट झाले. तेव्हा खालूनच, तिचे तोंड दिसत नसताना, आम्ही तिला घाटातली खरी हकीकत सांगितली.

वरून थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, बाबा. तुम्ही तलावाकडे एकदासुद्धा पाहिलं नाहीत."