आ कर बघू!

आमच्या मुहैस्नाह-४ मधल्या घरात दोन वर्षांपूर्वी सर्वांत जास्त वेळा बोलले गेलेले वाक्य कोणते, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे : "आ कर बघू!" धाकटी तेव्हा सव्वा वर्षाची होती. नुकती चालू लागली होती आणि वाटेत येईल ती वस्तू तोंडात घालून तपासत होती. चपलेचा पट्टा, दादाचे खोडरबर, खजुराची बी, उंबऱ्यावरच्या रांगोळीची चिमूट. शमाल वारा सुटला की खिडक्यांच्या फटींतून बारीक वाळू आत येते. ती बोटाने टिपून जिभेवर ठेवणे हा तर तिचा आवडता उद्योग. आम्ही धावायचो, ती ओठ घट्ट मिटायची, आणि मग "आ कर, राणी, आ कर" अशी विनवणी सुरू व्हायची. यशोदेलाही हेच करावे लागले होते. तिला कृष्णाच्या तोंडात विश्व दिसले. आम्हाला बहुतेक वेळा शिळ्या पोळीचा तुकडा दिसायचा.

थोरल्याच्या वेळी आम्ही फार कडक होतो. बाटल्या वीस वीस मिनिटे उकळायच्या, खेळणी रोज धुवायची, फरशी दोनदा जंतुनाशकाने पुसायची. धाकटीच्या वेळी कराडहून आजी आल्या आणि घरात दोन पक्ष पडले. आजींचे म्हणणे, "अरे, तुम्ही दोघं अंगणातली माती खाऊनच मोठे झालात ना? काही होत नाही." एकदा धाकटीची चोखणी जमिनीवर पडली. आम्ही ती उकळायला न्यायच्या आत आजींनी उचलली, स्वतःच्या तोंडात घालून साफ केली आणि पुन्हा बाळाच्या तोंडात दिली. आम्ही दोघेही जागच्या जागी थिजलो. त्या दिवशी जेवणे जरा गप्प गप्पच झाली.

वाद मिटवायचा म्हणून आम्ही थोडे वाचन केले. पहिली गोष्ट समजली ती ही, की मूल वस्तू तोंडात घालते तो खोडकरपणा नव्हे. वाइल्डर पेनफिल्ड या कॅनडातल्या मेंदूतज्ज्ञाने १९३७ साली मेंदूच्या पृष्ठभागावर कोणत्या अवयवाला किती जागा आहे याचा नकाशा मांडला. अख्ख्या पाठीच्या वाट्याला थोडीशी जागा, आणि ओठ, जीभ व बोटे यांना मात्र भलीमोठी. लहान बाळाची बोटे अजून शिकाऊ असतात, तोंड मात्र जन्मापासून तयार असते. वस्तू मऊ की कडक, गार की ऊन, गुळगुळीत की खरखरीत, हे ते तोंडाने बघते. आपण "हात लावून बघ" म्हणतो, ते "तोंड लावून बघते", एवढाच फरक.

दुसरी गोष्ट वाचून आजींचा पक्ष वर गेला. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या इंग्रज डॉक्टरांनी १९५८ च्या मार्चमध्ये जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडे जास्त, त्यांना परागकणांच्या सर्दीचा त्रास कमी असे त्यांना दिसले. भावंडांकडून लहानपणी होणाऱ्या संसर्गाचा यात हात असावा असा त्यांचा तर्क होता. पुढे २००३ साली ग्रॅहम रूक यांनी त्यात दुरुस्ती सुचवली. आजार आणणारे जंतू उपयोगाचे नाहीत. माती, जनावरे आणि आईचे अंग यांच्याकडून येणारे निरुपद्रवी सूक्ष्मजीव हे आपले जुने सोबती, आणि त्यांच्या ओळखीने शरीराची संरक्षणव्यवस्था शहाणी होते. चोखणीवरसुद्धा संशोधन सापडले! स्वीडनमध्ये २०१३ साली १८४ बाळांच्या पाहणीत, आईवडील ज्यांची चोखणी स्वतः चोखून साफ करत त्या बाळांना दीड वर्षाच्या वयात इसब कमी आढळला. पाहणी लहान होती, आणि मोठ्यांच्या थुंकीतून दात किडवणारे जंतूही बाळाकडे जातात, म्हणून ही बातमी आम्ही आजींच्या कानावर लगेच घातली नाही.

पण "काही होत नाही" हेही पुरते खरे नाही. मातीत माणसाची विष्ठा मिसळत असेल तर जंतांची अंडी पोटात जातात. म्हणून तर भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात आणि १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. इथे दुबईत इमारतींच्या मधल्या मोकळ्या वाळूत मांजरे घाण करतात. त्यातूनही जंत येऊ शकतात. सुरम्यात शिसे असू शकते, आणि बाळाचे बोट डोळ्यावरून थेट तोंडात जाते. शिसे चवीने कळत नाही. मेंदूच्या वाढीला मात्र ते बाधते. बाळगुटी उगाळताना आजी मधाचे बोट लावू पाहत होत्या, तिथेही आम्ही हट्ट धरला. एक वर्षाच्या आत मध नाही. मधात कधी कधी एका जिवाणूची बीजे असतात. मोठ्यांना ती पचतात, बाळाच्या आतड्यात मात्र ती रुजून विष तयार करतात.

असा आमचा वाद स्वच्छ आणि अस्वच्छ या दोन शब्दांभोवती फिरत होता. त्या वर्षीच्या भाऊबीजेपर्यंत.

वाऱ्याची आणि पडद्यांची धास्ती नको म्हणून आम्ही गॅलरीत ठेवायला बॅटरीवर चालणाऱ्या डझनभर पणत्या आणल्या होत्या. अगदी स्वच्छ, कोऱ्या, प्लास्टिकच्या वेष्टनातल्या. भाऊबीजेच्या संध्याकाळी त्या गोळा करताना बारावी पेटेना. उलटी करून बघितली तर खालचे झाकण नाही आणि आतली बॅटरीही नाही. शेजारी धाकटी बसलेली, तोंड हलवते आहे, लाळ गळते आहे. दाढा येत असल्याने लाळ महिनाभर गळतच होती, पण त्या क्षणी ते कुणाला आठवणार?

"आ कर! आ कर बघू!" या वेळी सुरात विनवणी नव्हती. तिने तोंड उघडले नाही तेव्हा बोट घालून चाचपले. तिला उमासा आला, ती किंचाळली. आत खाऱ्या शंकरपाळ्याचा लगदा निघाला, बॅटरी नाही. सोफ्याखाली नाही, गॅलरीत नाही. आम्ही दोघे एकमेकांवर ओरडलो : "पणत्या खाली ठेवल्या कुणी?" आजी देवापुढे जाऊन बसल्या. तिला उचलून आम्ही गाडीत घातले. मदिना मॉलजवळचा सिग्नल त्या रात्री जितका लांबला तितका पुन्हा कधी लांबलेला नाही.

हॉस्पिटलमध्ये तोंडापासून खालपर्यंत एक्स-रे काढला. काही नव्हते. डॉक्टरांनी शांतपणे समजावले की नाणे असते तर साधी गोल चकती दिसली असती. बॅटरी असेल तर कडेला दुहेरी कडे दिसते. मग त्यांनी सांगितलेल्या गोष्टी आम्ही गाडीत बसून लिहून घेतल्या, त्या इथे देतो.

त्या पणतीतल्या बॅटरीवर सीआर२०३२ असे छापलेले असते. २० म्हणजे व्यास वीस मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. आपला एक दिरहॅम २४ मिलिमीटरचा, म्हणजे ही त्याहून थोडी लहान. तान्ह्याच्या अन्ननलिकेत नेमकी अडकेल अशी. धोका फुटून गळण्याचा नाही. ओल्या अस्तराला दोन्ही टोके लागली की परिपथ पूर्ण होतो, तीन व्होल्टचा प्रवाह सुरू होतो आणि ऋण बाजूला दाहक अल्कली तयार होते. दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. पणती पेटत नाही म्हणून जिला आपण संपलेली म्हणतो, त्या बॅटरीतही एवढे करण्याइतका जोर शिल्लक असतो. अमेरिकेत रिमोटमधल्या अशा बॅटरीमुळे २०२० च्या डिसेंबरमध्ये दीड वर्षाची मुलगी गेली; तिच्या नावाने २०२२ साली कायदा झाला, आणि झाकण मुलांना उघडता येणार नाही असे करणे तिथे सक्तीचे झाले.

बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट तातडीच्या विभागात जायचे. इथे रुग्णवाहिकेचा नंबर ९९८. उलटी करवायची नाही. मूल एक वर्षाच्या वरचे असेल, नीट गिळत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन लहान चमचे मध द्यायचा, जास्तीत जास्त सहा वेळा. २०१८ साली फिलाडेल्फियात झालेल्या प्रयोगांत मधाने ती जळजळ कमी होते असे दिसले. मात्र मधाची बाटली शोधत थांबायचे नाही. वर्षाच्या आत ज्या मधाला आम्ही हात लावू दिला नव्हता, तोच वर्षानंतर कामी येतो, हे ऐकून आजींना जरा बरे वाटले.

आणखी एक. तोंडात वस्तू दिसली तर काढा. दिसत नसेल तर बोट घालून चाचपू नका, ती आत ढकलली जाते. आम्ही नेमके तेच केले होते. यशोदेचे बरोबर होते : आधी तोंड उघडून बघायचे. श्वास अडकल्यावर पाठीवर कसे थोपटायचे हे मात्र वाचून येत नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात शिकून घ्यावे.

हे सगळे ऐकून आम्ही गाडी सुरू केली, तेव्हा मागच्या सीटवरून थोरल्याचा बारीक आवाज आला. "बाबा, ती बॅटरी माझ्या कंपासात आहे."

शाळेतल्या प्रयोगासाठी एलईडी पेटवून बघायचा म्हणून त्याने ती सकाळीच काढली होती. मग घरात एवढा गोंधळ चालू असताना बोलला का नाहीस? "दुपारी मी घड्याळ उघडलं तेव्हा तुम्ही रागावला होतात. मला वाटलं, आता खूपच रागवाल."

गाडीत बराच वेळ कुणी बोलले नाही. सात वर्षांचा मुलगा तास-दीड तास ते ओझे घेऊन बसला होता, आणि ते त्याच्यावर आम्हीच टाकले होते. त्या रात्री बाळाच्या पोटात काही नव्हते हे आमचे नशीब. पण उद्या खरेच काही गेले असते, आणि ते पाहणारा एकटा हाच असता, तर? डॉक्टरांना पहिली माहिती हवी असते ती काय गेले आणि केव्हा गेले याची. ती बहुधा घरातल्या दुसऱ्या मुलाकडेच असते, आणि घाबरलेले मूल ती देत नाही.

घरी आल्यावर आजी एवढेच म्हणाल्या, "पोराला बोलायला जागा ठेवा रे."

तेव्हापासून आमच्या घरात प्रश्न बदलले आहेत. जमिनीवर पडलेली पोळी उचलून खाल्ली तर आम्ही धावत नाही. वस्तू केवढी आहे, कशाची आहे, हे आधी विचारतो. बॅटऱ्या, चुंबके आणि आजींच्या गोळ्या कुलपात गेल्या. वापरलेल्या बॅटरीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मगच ती टाकतो. पणत्या स्क्रूच्या झाकणाच्याच आणतो. फराळाच्या चिवड्यातले दाणे आणि डाळं धाकटीसाठी वेचून काढतो. पाच वर्षांपर्यंत दाण्याचे कूट चालेल, अख्खा दाणा नाही.

आणि थोरला? टिश्यूच्या गुंडाळीची पुठ्ठ्याची नळी घेऊन तो शनिवारी मराठीच्या वर्गाला निघण्याआधी घरभर फिरतो. नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही, असा साधा नियम आहे. गेल्या आठवड्यात त्याने आमच्यापुढे पेनाचे टोपण, एक गोटी आणि कोटाचे बटण आणून ठेवले. गोटी त्याचीच होती, हेही त्याने आपणहून सांगितले.